सोमवारच्या गाठोड्यातला झगा

रॅटलिफांच्या घरचं धुण्याचं गाठोडं दर सोमवारी सकाळी येतं, तसं त्या सोमवारीही आलं. ते बांधलं होतं मिस लुसिलनं. मिस लुसिल म्हणजे धाकट्या रॅटलिफची नवी बायको, थेट चार्ल्स्टनहून आणलेली. माहेरी तिनं स्वतःचा रुमालसुद्धा कधी उचलला नसेल. पण उत्तरेविरुद्धची लढाई हरल्यापासून मोठमोठ्या घरांतल्या बायकांवर हातपाय हलवायची पाळी आली आहे, त्यात हीसुद्धा आली. मळके कपडे गोळा करते म्हणजे काय, पेट्या-कपाटांतून हाताला लागेल ते चादरीत कोंबते आणि गाठ मारते. मागच्या खेपेला तिनं मला कोरा घडीचा टेबलक्लॉथ पाठवला होता आणि त्यात एक मेलेला उंदीर. टेबलक्लॉथ मी परत केला.

अंगणात लोखंडी हंड्याखाली जाळ घातला होता. मी पांढरे एकीकडे, रंगीत दुसरीकडे असे कपडे निवडत होते आणि अगदी तळाशी काळं कापड हाताला लागलं. ओढायला गेले तर संपेचना. पायघोळ झगा होता. गळ्याला आणि बाह्यांना लाल फ्लॅनेलची किनार, मागे जोडलेली टोपी, टोपी पुढे ओढली की तोंड झाकलं जाईल अशी, आणि तिला डोळ्यांपुरती दोन भोकं. घेराला मशालीच्या राळेचे डाग होते. उजव्या बाहीवर कोपरापर्यंत काहीतरी वाळून कडक झालं होतं. ते काय आहे हे मला कुणी सांगायला नको, माझा जन्म कपडे धुण्यात गेला आहे.

मी तिथेच मातीत बसले, झगा मांडीखाली घेऊन, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. मी मुळात भित्री आहे. आयशम, माझा नवरा, मला त्यावरून चिडवतो. म्हणतो, तेना, गुलामीतून तुला स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशीसुद्धा तू आधी दाराला कडी लावलीस. लावली होती. आणि पुढे जे झालं ते बघता एक कडी कमीच पडली असं माझं मत आहे.

असे झगे आमच्या दारात मार्चमध्ये येऊन गेले होते. आयशम सुतार आहे. आमच्या काळ्या लोकांच्या मुलांसाठी तो शाळा बांधत होता. पहिली शाळा जाळली. त्यानं दुसरीचा सांगाडा उभा केला, तेव्हा हे झगेवाले घोड्यांवरून आले. त्याला अंथरुणातून ओढून अंगणातल्या झाडाला बांधलं आणि पाठीची सालटी निघेपर्यंत मारलं. जाताना एक जण म्हणाला, "पुन्हा एक फळी उचललीस तर पुढच्या खेपेला दोर आणू." मग ते सांगाडा जाळायला गेले. आयशम पीचची झाडं फुलून झडेपर्यंत पालथा झोपत होता. उठला आणि पहिलं काम काय केलं, तर करवतीला धार लावली. तिसऱ्या शाळेची लाकडं आता चर्चच्या लाकडी जमिनीखाली लपवून ठेवली होती आणि येत्या शनिवारी आजूबाजूची माणसं जमून सांगाडा उभा करणार होती.

पोटाला म्हणून तो नदीवरच्या रेल्वेपुलावर काम करत होता. लढाईत सैन्यानं जाळलेला पूल, आता पुन्हा बांधत होते. त्याचं कंत्राट धाकट्या रॅटलिफकडे. आयशम उठून बसायला लागला तेव्हा हा क्ले रॅटलिफ स्वतः आमच्या दारात काम द्यायला आला होता. "तुझ्या हाताला गुण आहे आयशम, तो वाया जाऊ देऊ नकोस," असं म्हणाला होता. मी त्याला वाकून धन्यवाद दिले होते. वर ताजं ताक दिलं होतं प्यायला. आणि आता त्याच्याच घरच्या गाठोड्यातून हे निघालं होतं.

तेवढ्यात हॅगर घराबाहेर आली. हॅगर आयशमची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते, शिवणकाम करते. मला मातीत बसलेली पाहून म्हणाली, "काय गं, भोवळ आली का?"

मी मांडीखालून झगा काढून दाखवला.

तिचा चेहरा राखेसारखा झाला. पण हे काय आहे, असं तिनं विचारलं नाही. तिनं हात पुढे केला. "दे इकडे. मी नेऊन देते. मागच्या दारानं जाते आणि पेटीत टाकते. मिस लुसिलला आपण काय पाठवलं हे कळलंसुद्धा नसेल."

"आणि त्यानं तुला पाहिलं तर?"

"मला नाही काही करणार."

"का नाही करणार? तू त्याची कोण लागून गेलीस?"

तिची नजर माझ्या हातातल्या घेरावर होती, म्हणून मीही तिकडे पाहिलं. घेराची शिवण पाहिली. हॅगर डावरी आहे. तिचे टाके दुसऱ्या अंगाला कलतात आणि शेवटाला ती दोरा परत मागे घेऊन आत दडवते. माझ्या लग्नाचा झगा तिनंच शिवला, तो मी इतक्यांदा धुतला आहे की ती शिवण मी अंधारातही बोटांनी ओळखेन.

"हॅगर," मी म्हणाले.

"खेळासाठी म्हणाले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्या पोरांचा तो खेळ नसतो का, सोंगं घेऊन घोडे दौडवायचे आणि भाल्याच्या टोकानं कड्या उचलायच्या, तो. म्हाताऱ्या मिसेस रॅटलिफनं कापडाचा तागा पुढ्यात टाकला. ते एकेक जण यायचे, मी मापं घ्यायचे. हसत होते, चेष्टा करत होते. मी पण हसले."

"आणि मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये मी पलंगाखाली होते, तुझ्याच शेजारी. मशालीच्या उजेडात बाही दिसली आणि मला कळलं."

"आणि तेव्हापासून तोंड शिवून बसलीस? सख्ख्या भावाची पाठ सोलली त्यांनी."

"दुसऱ्या दिवशी म्हातारीनं बोलावून घेतलं," हॅगर म्हणाली. "म्हणाली, हॅगर, तुझी बोटं किती सुरेख चालतात, ती हाताला असलेलीच बरी. एवढंच. मग मला चहा दिला. दोन चमचे साखर घालून."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच झालं नाही, कारण रस्त्यावर घोड्याच्या टापा वाजल्या.

धाकटा रॅटलिफच असणार, झगा शोधत आलेला. घरात लपवावं तर तो घर बघणार. हंड्यात टाकावं तर ढवळणार. जाळात टाकावं तर एवढं कापड जळायला वेळ लागतो. मी खुराड्याच्या मागे पळाले, झगा परकरासारखा कमरेला गुंडाळला, एप्रनच्या नाडीनं करकचून बांधला आणि वरून माझा घागरा सोडला. बाहेर आले तेव्हा क्ले रॅटलिफ घोड्यावरून उतरत होता.

"काय तेना, धुणं चाललंय?"

"सोमवार ना साहेब."

"लुसिलनं काही भलतंच पाठवलंय का गं? नवी आहे बिचारी. गेल्या खेपेला उंदीर पाठवला म्हणे." तो हसला.

मीही हसले. चादरी पिळण्यापेक्षा ते हसणं जड गेलं. "अजून सगळं उकललं नाही साहेब. पांढरे तेवढे घातलेत."

त्यानं माझ्या हातातला दांडका घेतला आणि हंडा ढवळला. चादर वर काढून पाहिली, खाली सोडली. मग जमिनीवरचा ढीग बुटाच्या टोकानं पसरवला. न विचारता घरात गेला. आत गादी उलथल्याचा आवाज आला, पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. मी आणि हॅगर एकमेकींकडे न बघता उभ्या होतो. जूनचं ऊन, खाली जाळ आणि कमरेला तो झगा. माझ्या पायांवरून घाम ओघळत होता आणि मला वाटत होतं की कापड घसरतंय. खरंच घसरत होतं की माझी भीती, सांगता येणार नाही. मी मांड्या आवळून उभी राहिले.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहीला गादीतलं गवत चिकटलं होतं. ते त्यानं शांतपणे झटकलं.

"आंटी," तो हॅगरला म्हणाला, "बोटं काय म्हणतात?"

"बरी आहेत साहेब."

"छान. सांभाळ." मग माझ्याकडे वळला. "आयशमला सांग, शनिवारी पुलावर काम आहे. माणसानं एका वेळी एकच काहीतरी बांधावं. पूल केवढं मोठं काम, त्यात जन्म जाईल एखाद्याचा."

म्हणजे त्याला शनिवार ठाऊक होता. लाकडंही ठाऊक असणार.

"मी आता पुलावर चाललोय," घोड्यावर बसत तो म्हणाला. "संध्याकाळी येतो. तोवर गाठोडं नीट उकलून ठेव. माझी एक वस्तू त्यात चुकून गेली असेल. तुला दिसली तर कळेलच."

टापांचा आवाज विरला तशी हॅगर खाली बसली. "संध्याकाळी देऊन टाक," ती म्हणाली. "म्हण की तळाशी होता, घडी घालून ठेवला. तू गप्प बसशील, मी गप्प बसेन. त्यांना तेवढंच हवंय."

"आणि शनिवारी?"

"आयशमला थांबव."

"तू थांबव. तुझा भाऊ आहे."

दोघींनाही माहीत होतं की तो थांबणार नाही. मी त्याच्या हातापाया पडून पाहिलं होतं, भांडले होते, एकदा करवतसुद्धा लपवली होती. तो म्हणायचा, मी उभा राहिलो नाही तर माझ्यामागे दुसरं कोण राहणार. त्यावर मी म्हणायचे, दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोला भिऊ दे की आता. पण ऐकेल तर आयशम कसला. आम्ही झगा देऊन गप्प बसलो असतो तरी शनिवारी सांगाडा उभा राहणार होता आणि ते दोर घेऊन येणारच होते. गप्प बसून माझा नवरा वाचत नव्हता. भित्र्या माणसाला गप्प बसणं फार आवडतं, पण त्याचासुद्धा काही उपयोग व्हावा लागतो.

गावात कोर्टाच्या मागच्या मैदानात वसंतापासून उत्तरेच्या, निळ्या कोटातल्या सैनिकांचा तळ पडला होता. त्यांचा कॅप्टन असे गुन्हे शोधतो, असं चर्चमध्ये सांगितलं होतं. आतापर्यंत त्याच्याकडे कुणी गेलं नव्हतं, कारण सैनिक आज आहेत, उद्या नाहीत. रॅटलिफ मात्र इथलेच.

"मी कॅप्टनकडे जाते," मी म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

"नाही," हॅगर म्हणाली. तिनं दांडका उचलला आणि हंड्याकडे तोंड केलं. "मला जमणार नाही, तेना. माझ्यानं नाही होणार."

गावातल्या हॉटेलचं धुणंही माझ्याकडेच असतं, त्यांच्या आधीच धुतलेल्या चादरींचं गाठोडं मी डोक्यावर घेतलं आणि निघाले. झगा कमरेलाच राहू दिला. गाठोडं कुणीही उचकटून बघेल, घागऱ्यात कोण बघतो, असं मनाशी म्हणत होते. तसे बघणारेही या मुलखात कमी नाहीत, पण तो विचार मी बाजूला सारला.

गावाचा रस्ता नदीतून जातो. पूल होईपर्यंत सगळे उतारावरूनच पाण्यात शिरतात आणि उतार पुलाच्या अगदी खाली आहे. वर माणसं तुळयांवर बसून ठोकत होती. त्यात आयशम दिसला. आणि काठावर घोडा घेऊन क्ले रॅटलिफ उभा.

"तेना? धुणं सोडून कुठे निघालीस?"

"हॉटेलात साहेब. त्यांना चादरी आजच हव्यात."

"सोमवारी?" ते त्यानं सहज विचारलं. पण सोमवारी धोबीण कपडे आणते, पोचवत नाही, हे पोरंसुद्धा जाणतात.

"ढेकूण झालेत म्हणे," मी म्हणाले. "सगळ्या गाद्या उघड्या पडल्यात. ढेकणांना कुठला सोमवार नि शुक्रवार."

वरून कुणीतरी हसलं. रॅटलिफनं चाबकाच्या मुठीनं माझ्या डोक्यावरचं गाठोडं एका बाजूनं उचकटलं. पांढऱ्या चादरी. त्यानं मान हलवली आणि मला जायला वाट दिली.

मी पाण्याशी आले आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. नदी उतरताना सगळ्या बायका घागरा गुडघ्यापर्यंत वर खोचतात. मीही आयुष्यभर खोचत आले. आता खोचला तर काळं कापड आणि लाल किनार सगळ्या पुलाला दिसली असती. मी तशीच पाण्यात शिरले. पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग मांडीला लागलं आणि कपडे शिशासारखे झाले.

"घागरा भिजला की," रॅटलिफ मागून म्हणाला.

"बरं वाटतं साहेब. उकाडा काय कमी आहे?"

तो काळा रंग स्वस्तातला होता. पाण्यात सुटणार हे मला, धोबिणीला, आधी कळायला हवं होतं. सुटलाच. नदी आमची तांबड्या मातीची, गढूळ, तरी माझ्या मागे काळसर रेघ पसरत होती. मी पायानं तळाचा गाळ उडवत चालले, घसरत असल्यासारखं दाखवत. वरचं ठोकणं थांबलं. मान वर केली नाही तरी आयशम बघतोय हे मला कळत होतं. त्याच्या बायकोनं घागरा न खोचता नदी उतरलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. हाक मारू नकोस, मी मनात म्हणत होते, बाबा रे, आता हाक मारू नकोस.

त्यानं हाक मारली नाही. एक खिळा तेवढा जोरात ठोकला आणि मग दुसरा.

पलीकडे चढले तेव्हा पोटऱ्यांवरून काळं पाणी गळत होतं. देवानं दिलेल्या रंगाचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या पायांवर तो काळा कुणाला दिसणार? मी मागे न बघता चालत राहिले आणि वळण आल्यावर झाडाला धरून ओकले.

कॅप्टन कोर्टाच्या एका खोलीत बादलीत पाय सोडून बसला होता. उत्तरेकडचा माणूस, आमचा उन्हाळा त्याला सोसत नव्हता. मी गाठोडं खाली ठेवलं, पाठ फिरवून घागऱ्याखालून झगा सोडला आणि त्याच्या टेबलावर टाकला. टेबलावर काळं पाणी पसरलं. त्यानं कागद उचलून घेतले.

मी सगळं सांगितलं, नुसती हॅगर वगळून. त्यानं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

"गाठोड्यातून आला, असं कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

"मी म्हणते."

"रॅटलिफ म्हणेल, तूच शिवलास. त्याचे वकील शिवणकाम करणाऱ्या बायका आणतील, टाके बघायला. मग?" त्यानं घेर उलटा केला. "शिवला कुणी हा? माहीत आहे तुला?"

टाके बघायला. त्या टाक्यांवरून जिच्यापर्यंत पोचता येतं ती माझ्याच घरात होती. हा झगा मी रॅटलिफला पकडायला आणला होता आणि त्यात अडकणार होती हॅगर. कदाचित मीही, कारण आमच्या घरात सुई आहे आणि कात्री आहे.

"नाही माहीत," मी म्हणाले.

"मग मी काय करू, बाई?" कॅप्टन म्हणाला. "झगा इथे ठेवून जा."

जा म्हणजे कुठे? संध्याकाळी रॅटलिफ दारात येणार होता आणि देण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं. आयशम त्याच्या पुलावर, त्याच्या हातात. मी खोलीबाहेरच्या बाकावर बसले. ओला घागरा पायांना चिकटला होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, हॅगरचा, आयशमचा, त्या चार्ल्स्टनच्या बावळट पोरीचा, जिला स्वतःच्या नवऱ्याची पेटीसुद्धा नीट उघडता येत नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा पायऱ्यांवर कुणीतरी आलं. हॅगर होती. घागऱ्याचा काठ ओला, हात साबणानं पांढरे झालेले. माझ्याकडे न बघता ती सरळ आत गेली. मी तिच्यामागे गेले.

तिनं टेबलावरचा झगा दोन बोटांनी उचलला. "ही शिवण माझी आहे," ती कॅप्टनला म्हणाली. "हा मी शिवला. बाकीचे पण मीच शिवले. सगळ्यांची मापं माझ्या हातांना ठाऊक आहेत. पण आधी माझ्या भावाला पुलावरून आणा. तो आला नाही तोवर मी एक अक्षर बोलणार नाही."

कॅप्टननं बादलीतून पाय काढले. पहिल्यांदाच तो घाईत दिसला. त्यानं दोन स्वार पाठवले.

ते जाऊन येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येत नाही. खिडकीशी उभी होते. धूळ उडाली की मान बाहेर काढून बघायचे. एकदा भाजीची गाडी आली, एकदा पाद्री आला. शेवटी निळे कोट दिसले आणि एकाच्या मागे बसलेला आयशम, केसांत भुसा, हातात अजून हातोडा.

तो आत आला. टेबलावरचा झगा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या घागऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. हॅगर खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घेऊन.

"मी शिवले, आयशम," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. पण मार्चपासून माहीत होतं आणि मी गप्प बसले."

कॅप्टननं टाक उचलला. "हा कुणाचा?" त्यानं विचारलं.

"क्ले रॅटलिफचा. लहानपणी घोड्यावरून पडला होता, डावा खांदा उतरता आहे. म्हणून डावी बाही आखूड घेतली. मोजून बघा."

"हो," आयशम म्हणाला. "तोच."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "तुला कसं ठाऊक?"

"मारताना फटके तोच मोजत होता. लहानपणी आम्ही एका अंगणात वाढलो, तेना. त्याचा आवाज मला कळणार नाही? काम द्यायला दारात आला तेव्हासुद्धा तोच आवाज होता."

"आणि तू गेलास त्याच्याकडे कामाला? मी ताक दिलं त्याला."

"डोळ्यांसमोर असलेला बरा, असं वाटलं. आणि तुला सांगितलं असतं तर रात्र-रात्र जागी राहिली असतीस तू."

"तुला काय वाटलं, मी झोपत होते?" माझा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई डोकावला. "मार्चपासून मी एक रात्र धड झोपले नाही. नुसती डोळे मिटून पडत होते, तुझी झोप मोडू नये म्हणून."

"मी पण," हॅगर म्हणाली.

आयशमनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. एका खोलीत आम्ही तिघं, तीन महिने, तिघं जागे आणि तिघं झोपेचं सोंग घेऊन. मला हसावं की किंचाळावं कळेना.

बाहेर घोडा खिंकाळला. समोरच्या हॉटेलपाशी क्ले रॅटलिफचा घोडा येऊन उभा राहिला होता. तो स्वतः त्याच्या शेजारी, टोपी मागे सारून, सरळ या खिडकीकडे बघत. त्याच्याजवळ आणखी दोघं आले, मग आणखी एक. हॅगरलाही ते दिसले. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता.

आयशमनं हातोडा टेबलावर ठेवला. भिंतीकडचं बाक उचललं, खिडकी आणि हॅगर यांच्या मधे आणून ठेवलं आणि तिच्यासमोर बसला, खिडकीकडे पाठ करून.

"सांग पुढचं नाव," तो म्हणाला.